फुकट येणाऱ्या माणसाची भीड : शाळा व्यवस्थापन समित्यांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सदस्य आणि सदस्य सचिव (मुख्याध्यापक),
शाळा व्यवस्थापन समिती,
महाराष्ट्रातल्या सर्व शाळा

स. न. वि. वि.

जून महिन्यात शाळा भरल्या की मदतीची तयारी दाखवणारी माणसं शाळेत येऊ लागतात. कॉलेजातली पोरं येतात, बँकेतून निवृत्त झालेले काका येतात, संस्थांचे कार्यकर्ते येतात. कंपन्यांचे लोक एका रंगाचे टी-शर्ट घालून एका दिवसापुरते येतात. डिसेंबरात स्नेहसंमेलनाचे नाच बसवायला गावातलाच एखादा माजी विद्यार्थी येतो. केंद्र सरकारच्या ‘विद्यांजली’ने २०१६ साली या येण्याला योजनेचं रूप दिलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तिचं नवं पोर्टलही सुरू झालं. मी याच गर्दीतली एक. जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळांत वाचनाचा तास घ्यायला जाते आणि नव्याने येऊ इच्छिणाऱ्यांची शाळांशी गाठ घालून देते.

पत्र स्वयंसेवकांविषयी आहे, पण लिहितेय आपल्याला. शाळेत कोण येणार आणि आल्यावर कसं वागणार, हे ठरवणं आपल्या हातात आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ नुसार आपल्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. ज्या मुलांबद्दल हे लिहितेय, ती आपलीच आहेत. (विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम नाही. तिथल्या पालक-शिक्षक संघांनी हे पत्र स्वतःला आलंय असं समजावं.)

मागणी एकच आहे. शाळेत येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकासाठी मुलांशी वागण्याचे लेखी नियम करा, समितीत ठराव करून मंजूर करा, आणि ते वाचून सही केल्याशिवाय कोणालाही वर्गात पाठवू नका. कोणालाही, म्हणजे सरपंचांच्या पुतण्यालाही आणि मलाही.

हे नियम आजवर का झाले नाहीत, याचं कारण मला तरी भीड हेच दिसतं. दोनशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणा. एका गुरुजींकडे पहिली-दुसरी, दुसऱ्या बाईंकडे तिसरी-चौथी, वर पोषण आहाराच्या नोंदी आणि दर दोन दिवसांनी मागवलेली कसली तरी ऑनलाइन माहिती. अशात कोणी येऊन म्हणालं, की ‘तासभर मी वर्ग सांभाळतो, पैसे नकोत,’ तर त्याला कागदपत्रं मागायला जीभ रेटत नाही. शाळा त्याची मिंधी होते. त्याने वह्या दिल्या, पंखा बसवून दिला, की आणखी मिंधी होते. मग तो एखाद्या मुलीला एकटीलाच मधल्या सुट्टीत थांबवून शिकवतो, हे बाईंना खटकतं, पण बोलायचं कसं? बोललं तर आरोप केल्यासारखं होईल. फुकट येतोय बिचारा, चांगल्या घरचा आहे, असं म्हणून त्या गप्प बसतात. भीड ही भिकेची बहीण, असं आपण व्यवहारात पटकन म्हणतो. इथे मात्र भीड बाळगतो आपण, आणि तिची किंमत मोजायची वेळ येते मुलांवर.

नियमांचा पहिला उपयोग गुन्हेगार पकडण्यासाठी नाहीच मुळी. नियम असला की बाईंना तोंड उघडता येतं. ‘दादा, एका मुलाला एकट्याने थांबवायचं नाही असं आपल्याकडे ठरलंय,’ एवढं हसत म्हटलं की झालं. कोणावर संशय नाही, कोणाचा अपमान नाही. साधा दादा असेल तर ‘अरे हो, विसरलो’ म्हणेल आणि दार उघडून बसेल. जो पुन्हा पुन्हा तोच नियम मोडतो, प्रत्येक वेळी नवं कारण सांगतो, त्याच्याकडे लक्ष द्यावं लागेल हेही त्यातूनच कळतं. मुलाला इजा होण्याच्या कितीतरी आधी कळतं, हे महत्त्वाचं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण ‘शासनाने करावं, आम्ही काय करणार’ हे उत्तर मला ऐकायला मिळतं. बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याखालच्या २०२० च्या नियमांत शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी अशा मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेवर दोन जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण. कर्मचारी कायम असोत की कंत्राटी, शिकवणारे असोत की न शिकवणारे. पण तो नियम बोलतो कर्मचाऱ्यांबद्दल. आठवड्यातून एकदा येणारा, पगार न घेणारा, हजेरीपटावर नसलेला माणूस त्यात सरळ नावाने नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराचा प्रकार उघड झाला, लोक रेल्वे रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, शासनाने घाईने निर्णय काढला. सीसीटीव्ही आले, तक्रारपेटी आली, मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत नेमायच्या सखी सावित्री समितीची पुन्हा आठवण झाली, बाहेरून घेतलेल्या कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासायला सांगितलं गेलं. तिथला आरोपी कंत्राटी सफाई कामगार होता, म्हणून सगळ्यांचं लक्ष कंत्राटी कामगारांकडे गेलं. आमच्यासारखे हौसेने येणारे त्या चर्चेत फारसे आलेच नाहीत. उद्या आमच्यापैकी कोणाकडून काही घडलं, की आमच्यासाठीही परिपत्रक निघेल. तोवर थांबायचं का, हा प्रश्न आपल्यासमोर आहे. तपासणी कर्मचाऱ्यांची करा असं नियम म्हणतो. स्वयंसेवकांची करू नका असं कुठलाही नियम म्हणत नाही.

गॅस जोडणीला केवायसी लागते, सिमकार्डाला ओळखपत्र लागतं आणि चाळीस पोरांच्या वर्गात शिरायला ‘मला मुलांची फार आवड आहे’ एवढं वाक्य पुरतं. इंग्लंडमध्ये शाळेत नेमाने मदत करू पाहणाऱ्या मराठी आईचीही बहुतेक ठिकाणी आधी सरकारी पार्श्वभूमी तपासणी होते. ती निमूट अर्ज भरते. इथे त्याच आईच्या भावाला चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला, तर ‘माझ्यावर विश्वास नाही का’ म्हणून तो रुसतो. महाराष्ट्र पोलिसांकडे हा दाखला ऑनलाइन अर्ज करून मिळतो. तो आणायला सांगा.

पण दाखल्यावर विसंबून राहू नका. दाखल्यात नोंदलेले गुन्हे दिसतात. ज्याची तक्रारच कधी झाली नाही, त्याचा दाखला कोराच येणार. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालअत्याचारांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो केला होता. त्यात ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं. त्यात मुलगे होते तितक्याच प्रमाणात, किंबहुना थोडे जास्तच. आणि बहुसंख्य मुलांनी ते तोवर कोणाला सांगितलंच नव्हतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांतही पोक्सोखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असल्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वरच असतं. ‘ओळखीचा आहे’ ही आपली तपासणीची सर्वात जुनी पद्धत. ती किती उपयोगाची, ते या आकड्यांवरून दिसतं. दाखल्यासोबत आणखी एक साधं काम करा. हा माणूस आधी ज्या शाळेत किंवा संस्थेत जात होता, तिथे फोन लावा. ‘तुम्ही त्यांना पुन्हा बोलवाल का?’ असं विचारा. समोरचा माणूस क्षणभर अडखळला, तरी खूप कळतं.

आता वागण्याकडे येते. इथे मी जरा तपशिलात जाणार आहे, कारण ‘योग्य वर्तन ठेवावे’ असं लिहिलेला कागद कोणाच्याच उपयोगाचा नाही.

स्वयंसेवक आणि मूल बंद दाराआड एकटे नकोत. वाचनात मागे पडलेल्या मुलाला वेगळं शिकवायचं तर व्हरांड्यात बसा, झाडाखाली बसा, वर्गाच्या कोपऱ्यात बसा. सगळ्यांना दिसतील असे, ऐकू नाही गेलं तरी चालेल. प्रयोगशाळा, स्टोअररूम, गच्ची, संगणक कक्ष नको. शिक्षकांनीही स्वयंसेवक आला म्हणून वर्ग सोडून कार्यालयात जाऊ नये. हे वाक्य गुरुजींना आवडणार नाही याची मला कल्पना आहे, कारण तो एक तासच त्यांना मिळतो. तरी लिहितेय. मुलांची जबाबदारी शाळेची असते आणि ती माझ्यासारखीच्या हाती सोपवून मोकळं होता येत नाही.

स्पर्शाबद्दल लोक एकतर फार घाबरतात, नाहीतर काहीच विचार करत नाहीत. पहिलीतलं पोर धावत येऊन कमरेला मिठी मारतं. त्याला झटकू नये. डोक्यावर हात ठेवावा, ‘काय रे’ म्हणावं आणि सोडवून घ्यावं. पडलं, रडलं, तर हात धरून बाईंकडे न्यावं. पण स्वतःहून मांडीवर घेणं, गाल ओढणं, पापा घेणं, गुदगुल्या करणं, पाठीवरून हात फिरवत शिकवणं, मोठ्या मुलांशी कुस्तीच्या नावाखाली झोंबाझोंबी करणं, यातलं काही नको. स्पर्श मुलाची गरज असेल तेव्हा, मोठ्याची हौस म्हणून नाही. आणि मुलाने अंग आक्रसलं, तर तिथेच थांबायचं. त्याचं कारण विचारायचं नाही, ‘लाजतोस काय’ म्हणायचं नाही. सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्शाचे धडे आपण मुलांना देतो, मग ‘नको’ म्हणाल्यावर थांबणारा मोठा माणूसही त्यांना वर्गात दिसायला हवा.

बालवाडी आणि पहिलीच्या मुलांना स्वच्छतागृहात नेण्याचं काम स्वयंसेवकाकडे देऊ नका. मूल कपड्यांत करून बसलं, तर शाळेची मदतनीस ताई किंवा बाई बघतील. स्वयंसेवक बाई असली तरी नाही.

स्नेहसंमेलन हा वेगळाच विषय आहे आणि तिथे मला सर्वात जास्त काळजी वाटते. वर्षभर शिस्तीत चालणारी शाळा त्या आठवड्यात सैल होते. संध्याकाळी उशिरापर्यंत सराव चालतात. नाच बसवणारा दादा कंबर धरून ‘स्टेप’ दाखवतो. कार्यक्रमाच्या दिवशी एकाच खोलीत मुली नऊवारी नेसताहेत, दारात मुलगे धोतर सावरत उभे आहेत, मेकअप करणारे बाहेरचे आहेत, फोटो काढणारे आत-बाहेर करताहेत आणि कोण कुठला हे कोणालाच माहीत नाही. कपडे बदलायची खोली मुलींची वेगळी आणि मुलग्यांची वेगळी हवी. मुलग्यांना उघड्यावर बदलू द्यायचं, त्यांना काय होतंय, ही समजूत सोडा. दोन्ही खोल्यांच्या दाराशी ओळखीचे पालक उभे करा, आत मोबाइल नको. नाच हाताने धरून नाही, समोर करून दाखवून शिकवता येतो. लेझीम आपण पिढ्यान्‌पिढ्या तसंच शिकलो. सरावाची वेळ संपली की प्रत्येक मूल कोणासोबत घरी गेलं, हे बाईंनी पाहायचं. दादाच्या मोटारसायकलवर कोणी जाणार नाही. पाऊस असेल, एसटी चुकली असेल, तर पालकांना आणि मुख्याध्यापकांना आधी फोन, आणि निदान आणखी एक मोठं माणूस सोबत. मुक्कामी सहलीत स्वयंसेवकांची झोपायची सोय मुलांपासून वेगळी.

मग मोबाइल. सातवी-आठवीची मुलं आईच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप वापरतात, काहींची इन्स्टाग्रामवर खातीही असतात. स्वयंसेवकाने मुलाशी थेट मेसेज, फोन, रील पाठवणं, यातलं काहीही करू नये. निरोप शिक्षकांमार्फत किंवा ज्या गटात पालक आणि शिक्षक दोघेही आहेत त्या गटावर. पोक्सोच्या कलम ११ मध्ये लैंगिक हेतूने मुलाशी प्रत्यक्ष किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून वारंवार संपर्क ठेवणं हा लैंगिक छळ धरला आहे. रात्री साडेदहाला आलेल्या ‘झोपलीस का?’ या मेसेजमागचा हेतू न्यायालयात काय ठरायचा तो ठरेल. आपल्या नियमानुसार तो मेसेज गेलाच नाही पाहिजे.

फोटोंबद्दल मी जरा रागानेच लिहितेय. वह्या वाटायच्या आधी मुलांना रांगेत उभं करून वही छातीशी धरायला लावतात, ‘हसा’ म्हणतात, आणि संध्याकाळी ते चेहरे शाळेच्या नावासकट, गावासकट सगळीकडे पोचतात. मुलाला विचारलं नाही, पालकांना विचारलं नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. पण कायदा बाजूला ठेवा. मदत घेतली म्हणून चेहरा द्यायचा, हा सौदा पाचवीतल्या मुलाने का करावा? स्वयंसेवकाने स्वतःच्या फोनवर मुलांचे फोटो काढायचे नाहीत. कंपनीला अहवालासाठी हवेच असतील तर शाळा काढेल, पालकांची लेखी परवानगी घेऊन, नावं न देता, आणि जमलं तर पाठमोरे.

भेटवस्तूंचंही तसंच. द्यायचं ते सगळ्या वर्गाला आणि बाईंच्या हातून. एकाच मुलाला पेन, एकीलाच बांगड्या, एकालाच हॉटेलात वडापाव, हे थांबवा. मुलांना फसवणारा माणूस पहिल्या दिवशी काही करत नाही. तो आधी मुलाला खास ठरवतो. मग लहानसं गुपित तयार करतो, ‘हे कोणाला सांगू नको हं’, आणि मूल गप्प राहतं का ते बघतो. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला गेले आणि मूल आजीजवळ राहिलं, अशी घरं मराठवाड्यातल्या समित्यांना मी सांगायला नको. त्या मुलाला कोणी तरी रोज विचारपूस करणारं हवंच असतं, आणि ते मिळालं की ते सहजासहजी सुटत नाही. म्हणून अशी मुलं कोणत्या स्वयंसेवकाच्या जास्त जवळ आहेत, इकडे समितीचं लक्ष हवं. मुलांशी कुठलंही गुपित नाही, हा नियम मुलांनाही सांगा. परिपाठात सांगा. दादा-ताईंनी ‘घरी सांगू नको’ म्हटलं की बाईंना सांगायचं, एवढं पहिलीच्या मुलालाही समजतं.

छळ म्हणजे फक्त लैंगिक छळ असंही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. पट्टी शिक्षकाच्या हातात चालत नाही, तशी स्वयंसेवकाच्याही हातात चालत नाही. उठाबशा, मुलग्याला मुलींच्या रांगेत बसवणं, ‘ढ’ म्हणणं, सगळं त्यातच आलं. एक प्रकार आमच्या चांगल्या, हळव्या स्वयंसेवकांकडून फार होतो. मुलांना त्यांची दुःखं बोलायला लावतात. ‘बाबा दारू पितात का?’, ‘घरात भांडणं होतात का?’, ‘आडनाव काय तुझं?’ मुलगी वर्गापुढे रडते, ताईंचे डोळे भरतात आणि ताई दोन महिन्यांनी परीक्षा आली म्हणून यायच्या बंद होतात. मुलीचं बोलणं मात्र वर्गातल्या चाळीस जणांनी ऐकलेलं असतं. जे सांभाळता येणार नाही ते उकरू नये. आणि यायचं बंद करणार असाल, तर आधी सांगून, मुलांचा निरोप घेऊन बंद करावं.

मूल स्वतःहून काही सांगायला आलं, तर? हा भाग स्वयंसेवकांना तोंडपाठ हवा. ऐकून घ्या. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते मोडावंच लागणार आहे. खोदून खोदून विचारू नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून, त्याच दिवशी लिहून काढा. ‘तुझी काही चूक नाही, सांगितलंस हे बरं केलंस’ एवढं म्हणा आणि मुख्याध्यापकांना कळवा. पण तिथे काम संपत नाही. पोक्सोच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं माहीत असलेल्या किंवा घडण्याची शंका असलेल्या प्रत्येक व्यक्तीने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. प्रत्येक व्यक्तीने, म्हणजे स्वयंसेवकानेही. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला, तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर मात्र कायद्याने कारवाई होत नाही. काय करावं सुचत नसेल, तर १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

‘आधी आपण आपल्यात चौकशी करू’, हे वाक्य समितीच्या बैठकीत हमखास येतं. गावाची बदनामी, शाळेची पटसंख्या, मुलीचं पुढे लग्न कसं होणार. मग मुलाला बोलावून त्या माणसासमोर उभं करतात, चार पुढारी चार वेळा तेच विचारतात आणि पाचव्या वेळी मूल म्हणतं, ‘काही नाही झालं.’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी विद्यार्थिनींच्या प्रकरणात, माहिती असूनही पोलिसांना न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निकाल फिरवला आणि माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा तो प्रकार आहे, असं स्पष्ट म्हटलं. आपल्यातली चौकशी ही नेमकी त्याच वाटेने जाते. तपास करणं पोलिसांचं काम. तिथेही कायद्याने मुलाचा विचार केलाय: जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. हे पालकांना सांगा. चौकीत फरफट होईल या भीतीनेच बरेचदा ते मागे सरतात. तोवर त्या स्वयंसेवकाचं शाळेत येणं थांबवा आणि मुलाचं नाव गावभर होणार नाही हे बघा. समितीतल्या कोणी घरी जाऊन बायकोला सांगितलं, तरी ते गावभर झालंच म्हणायचं.

या सगळ्यावर मला ऐकवला जाणारा आक्षेप मला माहीत आहे. ‘एवढे नियम केले तर कोण येणार? आणि पुरुष तर येणारच नाहीत.’ पुरुषांबद्दल आधी बोलते. २०२४ नंतर ‘मुलांच्या जवळ बायकाच ठेवा’ हा सूर वाढला. त्यामागची भीती समजते, पण उपाय म्हणून तो मला पटत नाही. पोक्सो कायदा स्त्री-पुरुष भेद करत नाही, आरोपीतही नाही आणि पीडितातही नाही. बाई आहे म्हणून दार बंद चालेल, असा नियम केला तर तो नियमच उरत नाही. शिवाय पुस्तक हातात धरून बसलेला, मुलांशी मऊ बोलणारा पुरुष बऱ्याच मुलांना घरात दिसत नाही. तो शाळेत दिसावा असं मला फार वाटतं. त्या पुरुषालाही नियमांचा आधार आहे. उघड्या दारात, सगळ्यांसमोर बसणाऱ्यावर कोणी भलतं बोट ठेवू शकत नाही.

आणि कोण येणार म्हणाल, तर माझा अनुभव उलटा आहे. ज्या शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी मला बसवून घेतलं, कागद वाचायला दिला, सही घेतली, गळ्यात ओळखपत्र अडकवलं, त्या शाळेत मला मोकळं वाटलं. कुठे बसायचं, काय विचारायचं नाही, मूल रडलं तर कोणाला हाक मारायची, सगळं ठरलेलं होतं. सही मागितली म्हणून जो परत गेला, त्याच्या जाण्याचं दुःख करू नका.

करायचं काम थोडं आहे. नियम दोन पानांत बसतात, मराठीत लिहा, गरज असेल तिथे पावरीत, गोंडीत किंवा हिंदीत तोंडी समजावा. येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा: नाव, वेळ, कोणता वर्ग. तक्रार कोणाकडे करायची त्या दोन व्यक्तींची नावं, त्यांतली एक बाई, आणि १०९८ हा आकडा मुलांच्या उंचीवर भिंतीवर रंगवा. तक्रारपेटी कार्यालयाच्या दारात नको, तिथे चिठ्ठी टाकताना सगळे बघतात. तिची किल्ली एकाच माणसाकडेही नको. सखी सावित्री समिती कागदावर असेल, तर तिच्यापुढे वर्षातून दोनदा स्वयंसेवकांची यादी ठेवा. एका दिवसापुरत्या येणाऱ्या कंपनीवाल्यांना पडताळणीचा दाखला मागणं व्यवहारात जमणार नाही, हे मला मान्य आहे. त्यांना नियमांच्या कागदावर सही आणि प्रत्येक गटासोबत एक शिक्षक, एवढं पुरे. नेमाने येणाऱ्यांना मात्र कुठलीही सूट नको.

हा विषय पुढच्या मासिक सभेच्या सूचनेत क्रमांक घालून घ्या, वरच्या दोन-तीनांत. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात ढकलू नका. तिथवर पोचेपर्यंत शेतावर जायचं असलेले बाप आणि चूल पेटवायची असलेल्या आया सही करून निघून गेलेल्या असतात.

आपली,
वाचनाच्या तासाला येणारी एक ताई